शिंजिराच्या रंगाखालचा रंग

तन्वीने शहराच्या कडेला मिसरोदला फ्लॅट घेतला, तेव्हा तिच्या आईवडिलांनी, प्रमिला आणि जयंत वैद्यांनी, वास्तुशांतीला आपल्या हातची भेट द्यायचं ठरवलं. निवृत्तीनंतर दोघांना प्लास्टिकची छोटी मॉडेल्स रंगवायचा नाद लागला होता. यावेळी शिंजिराची जोडी करायची होती. फुलातला मध पिणारा हा इवलासा पक्षी तन्वीचा लहानपणापासून लाडका.

नर शिंजीर सावलीत काळा दिसतो, उन्हात आला की जांभळा, जरा वळला की हिरवट. प्रमिलाताईंनी त्यासाठी तसाच रंग बदलणारा पेंट मागवला. पण त्याच्याखाली प्राइमर, म्हणजे अस्तराचा रंग, कोणता द्यायचा, यावर वाद सुरू झाला.

"पांढरा दे," जयंतराव म्हणाले. "पांढऱ्यावर कुठलाही रंग खुलतो."

"अहो, पक्षीच मुळात काळा. काळाच हवा."

शेवटी आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे काढून त्यांच्यावर दोन्ही करून पाहिले. पांढऱ्यावर तो महागडा पेंट साबणाच्या पाण्यासारखा फिक्कट दिसला. प्रमिलाताई खूश झाल्या, पण क्षणभरच. त्यांच्या काळ्या प्राइमरवर रंग बदलत होता खरा, पण चमकच नव्हती, धूळ बसल्यासारखा.

"तुझा काळा खरखरीत आहे," जयंतराव म्हणाले. "चकचकीत काळा पाहिजे."

गाडीच्या टचअपचा काळा स्प्रे घरात होता. त्यांना धीर कुठला! चमचा राहिला बाजूला, त्यांनी तो थेट एका पक्ष्यावर मारला. बघता बघता प्लास्टिक मऊ पडलं आणि शेपटी सुरळी होऊन वळली.

"अहो, हे काय केलंत!"

जयंतरावांचा चहा तसाच निवला. प्रमिलाताईंना राग आला होता, पण त्यांचा पडलेला चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "चला, एम. पी. नगरला जाऊन येऊ."

तिथल्या मॉडेलच्या दुकानातून त्यांनी प्लास्टिकला चालणारा चकचकीत काळा प्राइमर आणला. आधी चमच्यावर दिला. तो पूर्ण वाळल्यावर पेंटचे पातळ हात दिले. खिडकीशी धरून प्रमिलाताईंनी चमचा फिरवला. जांभळा, निळा, हिरवा!

"आण इकडे, मला बघू दे," म्हणत जयंतरावांनी तो हिसकावून घेतला आणि किती तरी वेळ फिरवत बसले.

दुसरा पक्षी सुरेख रंगला. वितळलेल्याचं काय करायचं? जयंतरावांनी काथ्याचं लोंबतं घरटं विणलं, पक्ष्याला आत बसवलं आणि फक्त डोकं बाहेर ठेवलं. तपकिरी रंगवून त्याचीच मादी केली; मादी तपकिरीच असते, तिला चमकता पेंट लागणारच नव्हता.

वास्तुशांतीच्या दिवशी तन्वीने नर हातात घेतला आणि गॅलरीत धावली. "आई, ये तो सच में रंग बदल रहा है! आणि ही घरट्यातली आयडिया कुणाची?"

"बाबांची," प्रमिलाताई शांतपणे म्हणाल्या.

जयंतरावांना ते कौतुक पचेना. त्यांनी स्प्रेपासून शेपटीपर्यंत सगळं सांगून टाकलं. पाहुणे हसून लोटपोट झाले. तन्वीने घरट्यात डोकावून ती वाकडी शेपटी पाहिली आणि म्हणाली, "बाबा, हीच मला जास्त आवडली." मग स्टुलावर चढून तिने घरटं खिडकीच्या गजाला बांधलं.