साडेसातशेची पाटी

माझा दीर लायल याने आम्हाला ट्रेलर बांधून दिला, तेव्हा गावातल्या जवळजवळ प्रत्येकाने मला अडवून सांगितलं, की असा दीर मिळायला नशीब लागतं. माझ्या नवऱ्याच्या, गार्थच्या, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. त्याला काही उचलायची बंदी होती आणि लेदरवूडच्या झाडांचा बहर काही त्याच्या मणक्यासाठी थांबणार नव्हता. वर्षातले तेवढेच काही आठवडे पश्चिमेच्या जंगलात आमच्या मधमाश्या कमाई करतात. तिथून मधाच्या भरलेल्या पेट्या खाली आणायच्या म्हणजे ट्रेलर हवाच.

लायलने तो अंगणात आणून उभा केला. हिरवा रंग, जाडजूड लोखंड, मागे फळी. मी वाकून चाकांच्या आतल्या बाजूला पाहिलं.

"याला ब्रेक कुठायत?"

"ब्रेक कशाला? पाटी वाच की."

पुढच्या दांड्यावर रिबिटांनी ठोकलेली पत्र्याची पाटी होती. एकूण वजन साडेसातशे किलो.

"साडेसातशेपर्यंत ब्रेक लागत नाहीत, कायदा आहे," लायल म्हणाला. "नोंदणी झाली, नंबर मिळाला. आणखी काय पाहिजे?"

"पण एकूण म्हणजे ट्रेलरचं स्वतःचं वजन धरूनच ना? हा रिकामाच किती भरेल?"

"झालं! गार्थ, ऐकतोस का? तुझी बायको आता मला वेल्डिंग शिकवणार."

गार्थ आत आडवा पडला होता. तिथूनच हसला. "मेरिन, अगं, जन्मभर लोखंड जाळलंय त्याने. राहू दे."

"मग मी नाही हा ओढणार," मी म्हणाले.

"नको ओढू. मी ओढतो. तू शेजारी बसून बिस्किटं खा," लायल म्हणाला.

तसे आम्ही गेलो. जंगलात दिवसभर मी माश्या झटकून पेट्या सोडवत होते आणि लायल त्या ट्रेलरवर रचत होता. चाळीसेक पेट्या असतील. भरलेली एक पेटी उचलताना माझ्यासारख्या बाईची कंबर बोलायला लागते. निम्म्या झाल्यावर मी म्हटलं, "बास. उरलेल्या उद्या नेऊ."

"उद्या परत एवढं डिझेल जाळू? ही पिकअप साडेतीन टन ओढते, बाई. गाडीच्या पुस्तकात छापलंय."

"लायल, उतार आहे. रस्ता ओला आहे."

"तुझ्या माश्या बऱ्या, तुझ्यापेक्षा कमी भुणभुणतात."

दोऱ्या त्यानेच आवळल्या. मी शेजारी बसले. बिस्किटं खाल्ली नाहीत.

घाट उतरायला लागलो तशी पिकअप मागून कुणी ढकलावं तशी पुढे सरकायला लागली. लायलने ब्रेक दाबला. गाडीने ऐकलं, ट्रेलरने ऐकलं नाही. आधी धक्का, मग मागचा भाग डावीकडे, मग उजवीकडे. वळणावर समोरून ओंडके भरलेला ट्रक येत होता. लायलने स्टिअरिंग कडेच्या मातीकडे फिरवलं, त्याचं तेवढं श्रेय त्याला आहे. पिकअप बांधावर चढून थांबली. ट्रेलर आमच्याभोवती कात्रीसारखा वळला आणि आडवा झाला.

माझं मनगट दारावर आपटून मोडलं होतं. पेट्या रस्ताभर फुटल्या होत्या, मध डांबरावरून गटाराकडे वाहत होता आणि गांधीलमाश्या कुठून कुठून गोळा होत होत्या. ट्रकवाला खाली उतरला, पांढराफटक पडलेला. "जिवंत आहात का?" एवढंच विचारलं त्याने.

लायलचं पहिलं वाक्य काय होतं सांगू? "तरी मी सांगत होतो, मागे जास्त भरू नकोस."

मला वाटलं, धक्क्याने बरळतोय. पण नाही. हाताला प्लॅस्टर घालून मी गावात परतले, तर बेकरीतली पॉलेट पाव गुंडाळता गुंडाळता म्हणते, "मागच्या बाजूला भार टाकलास म्हणे? ट्रेलर डुलतो गं मग. होतं असं बायकांचं."

मी तिचा पाव तिथेच सोडून घरी आले.

"तुझा भाऊ गावभर सांगतोय, पेट्या मी रचल्या," मी गार्थला म्हटलं.

गार्थ छताकडे पाहत राहिला. "मी काही तिथे नव्हतो, मेरिन."

"मी होते ना!"

त्याच्या त्या 'तिथे नव्हतो'चा राग मला मनगटापेक्षा जास्त ठणकत होता. मी पिकअपमधलं पुस्तक काढलं. साडेतीन टन छापलेलं होतं, खरं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर. त्याच्याच खालच्या ओळीत, ब्रेक नसतील तर साडेसातशे किलो. लायलने वरची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं.

मोडका ट्रेलर उचलून आणणाऱ्या गाडीवाल्याला मी म्हटलं, घरी नेण्याआधी कचरा डेपोच्या वजनकाट्यावर चल. त्याने आधी ट्रेलरसकट वजन केलं, मग ट्रेलर उतरवून. तो हिरवा डबा नुसता रिकामा जवळपास सहाशे किलोचा निघाला! म्हणजे पाटीच्या हिशेबाने त्यात पाच पेट्या न्यायच्या, फार तर सहा. मग एवढा मोठा ट्रेलर कशाला बांधला? हवा वाहायला?

मी तडक लायलच्या शेडमध्ये गेले. तो चहा पीत होता. मागे दुसरा ट्रेलर उभा होता, तसाच, लाल रंगाचा. दांड्यावर तीच पाटी.

"हा कुणाचा?"

"पोनी क्लबचा. पोरांच्या घोड्यांच्या शर्यतींना गवत आणि पाण्याची टाकी न्यायला."

"टाकी भरून?"

"रिकामी टाकी कोण नेतं?"

"लायल, तो ओढणार त्या पोरांच्या आया. मागच्या सीटवर पोरं असणार. तू पाटीवर खरा आकडा का नाही घातलास?"

"खरा घातला तर ब्रेक बसवा, वायरी ओढा, पुन्हा तपासणी. सगळेच असं करतात."

"आणि माझ्या नावाने जे सांगत फिरतोस, तेही सगळेच करतात का?"

त्याने कप खाली ठेवला. "जा. जाऊन चुगली कर. बघू गावात कोण तुझा मध घेतं."

आमच्याकडे चोरी केलेल्याला लोक वर्षभरात विसरतात. चुगलखोराला विसरत नाहीत. हे मला माहीत होतं, तरी मी वाहन कार्यालयात फोन केला. चार दिवसांनी एक निरीक्षक बाई आल्या. लाल ट्रेलरखाली पाठीवर सरकत गेल्या, बाहेर आल्या आणि त्यावर रस्त्यावर न्यायला मनाई असल्याचा कागद चिकटवला.

"पण याला नंबर मिळालाच कसा?" मी विचारलं. "कुणी वजन केलं नाही?"

"बांधणारा लिहून देतो तो आकडा. जबाबदारी त्याची असते," त्या म्हणाल्या.

"आणि मनगट माझं."



पोनी क्लबच्या अध्यक्षीणबाई मला दुकानात भेटल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दोन शर्यती बुडाल्या, मेरिन, तुझ्यामुळे. पोरं रडली." मी म्हटलं, "रडली ना? रडायला राहिली, हे बघा." त्यांनी तोंड फिरवलं.

गार्थ मात्र त्या आठवड्यात काठी घेऊन पहिल्यांदा कुंपणाबाहेर पडला. लायलच्या शेडपर्यंत चालत गेला आणि घामाघूम होऊन परत आला.

"विचारलं त्याला, पेट्या कुणी रचल्या म्हणून," तो म्हणाला. "गप्प बसला. लहानपणी खिडकी फोडली की असाच बसायचा." मग काठी भिंतीला टेकवत म्हणाला, "त्या दिवशीच विचारायला हवं होतं मी."

"हो, हवं होतं," मी म्हणाले. मी त्याला सोपं करून दिलं नाही.

लायलने लाल ट्रेलरला ब्रेक बसवले, नवी पाटी ठोकली, तपासणी करून घेतली. इथवर ठीक. पण पुढच्या कृषी प्रदर्शनात मी मधाचं टेबल मांडलं, तर समोरच त्याचा स्टॉल! दोन शेतकऱ्यांना चाकाचा ब्रेक-ड्रम उघडून दाखवत, धर्मगुरूसारखा सांगत होता: ट्रेलरचं स्वतःचं वजन आधी धरा, ब्रेकवर कधी काटकसर करू नका, गाडीच्या पुस्तकातली खालची ओळ वाचा. खालची ओळ! आणि ते शेतकरी माना डोलावत म्हणत होते, "तुझ्यासारखे कारागीर राहिले नाहीत, लायल."

मी टेबल सोडून तिकडे गेले.

"त्या दिवशी आमच्या पेट्या कुणी रचल्या, तेही सांग ना यांना."

"अगं, जुनं झालं ते..."

"मनगट अजून थंडीत दुखतं. सांग."

त्याने ड्रमवरची धूळ बोटाने पुसली. "मी रचल्या," तो म्हणाला. "ब्रेकही मीच लावले नव्हते."

ऐकायला दोन शेतकरी होते आणि त्यांचा एक कुत्रा. माझी चुगली मात्र अख्ख्या गावाने ऐकली होती.