मर्वचं न गळणारं छत

आमच्या दक्षिण गोलार्धात हिवाळा जूनमध्ये सुरू होतो, पण १९८४ साली जून महिन्यातच टेव्हियटच्या खोऱ्यात अशी थंडी पडली, की जर्दाळूची झाडं छाटताना कात्री बोटांना चिकटायची. त्या हिवाळ्यात आम्ही पाच-सहा बिऱ्हाडं नदीकाठच्या एका बागेत छाटणीच्या कामाला उतरलो होतो. कुणी बसमध्ये राहायचं, कुणी ट्रकवर बांधलेल्या लाकडी घरात. माझा आणि माझ्या नवऱ्याचा, कॉलिनचा, ट्रक मर्व टलोकच्या बसला अगदी खेटून उभा होता. त्यामुळे मर्व आणि त्याची बायको ऊना यांची भांडणं आम्हाला घरबसल्या ऐकू यायची.

ती बस मर्वनं बावीस वर्षं शाळेच्या पोरांसाठी चालवली होती. ती मोडीत निघाली तेव्हा त्यानंच विकत घेतली, बाकं उपटून आत बिछाना, ओटा आणि कपाटं बसवली, आणि ऊनाला म्हणाला, चल, आता देश बघू. ऊनानं राहतं घर विकायला सही दिली, पण एका अटीवर. हिवाळ्यात बस ऊबदार राहिली नाही, तर ती टिमारूला बहिणीकडे जाईल आणि परत येणार नाही. ऊना बडबडी होती, पण धमक्या देणाऱ्यातली नव्हती. म्हणून मर्व घाबरला.

प्रोपेनवर चालणारा हीटर घ्यायचा हे ठरलेलं होतं. प्रश्न इतकाच, की धुराडं असलेला घ्यायचा की नसलेला. मर्वनं तीन आठवडे जाहिराती गोळा केल्या आणि छावणीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, की बिनधुराड्याचा स्वस्त पडतो.

"इंजिनाला नवा गिअरबॉक्स घेताना स्वस्ताई कुठं गेली होती?" ऊनानं विचारलं.

"इंजिनाची गोष्ट वेगळी असते, म्हातारे."

"अन् माझ्या गुडघ्यांची?"

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. धुराडं म्हटलं की छताला भोक पाडावं लागणार. बावीस वर्षांत त्या छतातून एक थेंब आत आला नव्हता, आणि मर्व हे अनोळखी माणसालाही नावाआधी सांगायचा.

शेवटी चाकं लावलेला, पोटात गॅसची टाकी बसवलेला स्वस्त हीटर आला. त्यावर लिहिलं होतं, की पेटवताना खिडकी वीतभर उघडी ठेवावी, नाहीतर जिवाला धोका. म्हणजे समोरून ऊब आणि मागून गार वारा.

"मी काय पाव आहे, भाजून झालं की उलटून ठेवायला?" ऊना मला म्हणाली.

चार दिवसांनी बसच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. आधी ओट्यावर, मग बिछान्यावर. मर्वचा चेहरा पांढराफटक पडला. शिडी लावून तो वर चढला आणि प्रत्येक जोडावर डांबर फासून आला. दुसऱ्या दिवशी ठिबकणं वाढलं. त्यानं आणखी डांबर फासलं.

"मर्व, आठवडाभर आभाळात ढग नाही," ऊना खालून ओरडली. "पाऊस नसताना छत गळतं कसं, ते तरी सांग!"

"रात्रीचं दव आहे. बारीक भोकातून शिरतं."

"पातेल्याच्या झाकणाला खालून पाणी सुटतं, ते काय आभाळातून येतं? हीटर पेटला की ठिबकतं. विझवला की थांबतं. गॅसची वाफ आहे रे बाबा ती, अन् तुझ्या तोंडची!"

"खिडक्यांच्या काचांवर येते ती वाफ. छतातून येतं ते भोकातलं," मर्व म्हणाला. बावीस वर्षं ज्या छताची शपथ वाहिली, ते आता चाळणी झालं असं तो मानायला तयार होता. पण हीटर चुकला असं नाही.

गुरुवारी ऊनानं शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं. शुक्रवारी दुपारी ती पिशवी भरत होती, मी चहा करत होते, आणि मर्व वर छतावर होता. हातोडीनं पेचकस ठोकत तो कच्ची जागा शोधत होता. ठक, ठक, ठक. ऊना लोकरीचे मोजे गुंडाळत होती, पण तिचं लक्ष वरच होतं. मग एक वेगळाच आवाज आला, आणि छताच्या फळीतून पेचकसाचं टोक खाली उतरलं, बरोबर ऊनाच्या उशीच्या वर.

ऊनानं मोजे पिशवीत टाकले आणि मान वर केली.

"मर्व! सापडलं बरं का भोक!"

"कुठाय?" वरून इतक्या आनंदानं आवाज आला, की मला हसू आवरेना.

"तुझ्या पेचकसाच्या टोकाला!"

मग मर्व खाली आला, बिछान्यावर बसून त्या टोकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आता भोक आहेच, तर ते वाया कशाला घालवायचं?"

ऊनानं मोजे पिशवीतून काढून पायात घातले.

संध्याकाळपर्यंत मर्व जवळच्या अलेक्झांड्रा गावाहून धुराड्याचा हीटर घेऊन आला. तिथं नेव्हिल नावाचा एकजण मोडक्या कॅराव्हॅनचं, म्हणजे गाडीमागं ओढायच्या घरांचं, सामान विकायचा. हीटर जुना पण चांगला होता, आणि चाकांच्या हीटरपेक्षा स्वस्तही. धुराडं त्या भोकाशिवाय दुसरीकडून काढायला मर्व काही केल्या तयार नव्हता. म्हणून हीटर बिछान्याच्या जागी गेला, बिछाना ओट्याच्या जागी आणि ओटा दारात. शनिवारची गाडी सुटली तेव्हा ऊना कपाटाचं दुसरं टोक धरून मर्वला शिव्या देत होती. बस मात्र कोरडी आणि ऊबदार झाली.

नेव्हिलनं तो चाकांचा हीटर बदल्यात घेतला आणि पुढच्याच महिन्यात कुण्या बसवाल्याला "छताला भोक पाडावं लागत नाही" असं सांगून विकला. कॉलिन गेल्यावर मी ओमारूला विटांच्या घरात आले. मर्व त्यानंतर नऊ वर्षं जगला. भेटेल त्याला छतातलं धुराडं दाखवून तो सांगायचा, की धुराड्याशिवाय हीटर मूर्ख माणसंच घेतात.

तो गेल्यावर ऊना खरोखरच टिमारूला बहिणीकडे गेली. बहिणीचं घर मोठं, छत उंच आणि बर्फासारखं गार. महिनाभरात ऊनानं बस तिच्या अंगणात आणून उभी केली आणि शेवटपर्यंत तिथंच झोपली. रोज संध्याकाळी बहीण विणकाम घेऊन ऊबेला बसमध्ये यायची, आणि दारातल्या ओट्याला अडखळून मर्वच्या नावानं खडे फोडायची.