आधी भर, मग भाज

आमच्या घरात भांडणाला विषय लागत नाही, पण त्या आठवड्यात तो आयताच मिळाला. बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर त्यांना बोलता येणार नव्हतं. म्हणून मी त्यांच्यासाठी बोलणारा डबा बनवत होते. बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात वाक्य. बाबांनी साठ वाक्यं रेकॉर्ड करून दिली, त्यात चाळीस तर तक्रारीच होत्या.

कारखाना घरचाच, सर्किट बोर्ड जोडायचा. बाबांनी उभा केलेला. आता जोडणी वहिनी बघते, डिझाइन मी. आजवर आमचं सगळं फ्लॅश मेमरीवर चाललं. फ्लॅश मोठी हट्टी. एक शब्द बदलायचा म्हटलं तरी शेजारपाजारचा सगळा गठ्ठा आधी पुसा, मग पुन्हा लिहा. आणि हे फार वेळा केलं की ती दमते. बाबा दर तासाला वाक्यं बदलणार हे मला जन्मापासून ठाऊक. म्हणून मी नवी चिप आणली, फेज चेंज मेमरी.

"हिला काय सोनं लागलंय?" वहिनीने विचारलं.

"साखरेचा पाक आठव. झटकन गार केला तर काचेसारखा होतो, हळूहळू निवू दिला तर खडे धरतो. हिच्यात तसेच बारीक ठिपके आहेत. तापवून काच करायची नाहीतर खडा. काच म्हणजे शून्य, खडा म्हणजे एक. हवा तेवढाच ठिपका बदलायचा, शेजाऱ्याला धक्का नाही."

"म्हणजे तुझ्यापेक्षा शहाणी आहे," वहिनी म्हणाली.

मी वाक्यं चिपमध्ये भरली आणि रेकॉर्डरचं कार्ड पुसून टाकलं. कार्डही फ्लॅशचंच, आणि फ्लॅश आधीच पुसून ठेवली की पुढचं काम पटकन होतं, ही हाताची सवय. मग वहिनीने चिप बोर्डवर ठेवली आणि बोर्ड सोल्डरिंगच्या भट्टीत घातला. बाबांचा नियमच तसा, भिंतीवर रंगवलेला: आधी भर, मग भाज. फ्लॅशला त्या भट्टीचं काही वाटत नाही. नव्या चिपचं मात्र लिहिणंच उष्णतेचं. सगळे ठिपके भट्टीत एकजात खडे झाले.

बोर्ड झकास निघाला. बटण दाबलं तर खरखर. साठही बटणांवर खरखर.

"मला सांगायचंस ना!" वहिनी ओरडली.

"तू विचारायचंस ना!"

दोघींनीही चिपचं माहितीपत्रक उघडलं नव्हतं. ऑपरेशन उद्या सकाळी. वहिनीला रडू फुटलं. शेवटी दोघी मिळून बाबांसमोर उभ्या राहिलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर उद्या वाचा नेणार होते, तुम्ही आजच नेलीत. चांगला हातभार लावलात," ते म्हणाले. "आणा तो रेकॉर्डर."

या वेळी कोरी चिप आधी जोडली, लिहिणं मग. बाबांचा घसा बसत चालला होता, त्यामुळे वीसच वाक्यं झाली. तक्रारींना कात्री लागली. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी वहिनीकडे बघून ठणकावून म्हटलं, "चूक सूनबाईची."

वहिनी हसली. मग आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

मी सगळं लिहून होईपर्यंत बाबा माझ्या टेबलाशी बसून होते, भिंतीवरच्या स्वतःच्या नियमाकडे बघत. मग त्यांनी एक बोट वर केलं.

"एक शब्द बदलायचाय," आवाज जेमतेम फुटत होता. "सगळं पुसावं लागेल?"

"नाही बाबा. तेवढाच."

त्यांनी माईक तोंडाशी धरला आणि एकच शब्द बोलले. मी डोळे पुसले आणि तो जिथल्या तिथे लिहिला. बाकीच्या एकोणीस वाक्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्यानंतर बाबा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये ते नीट शुद्धीवर आले. आम्ही डबा पलंगावर ठेवला. त्यांनी वहिनीला खुणेनं जवळ बोलावलं, शेवटचं बटण शोधलं आणि दाबलं.

"चूक," खणखणीत आवाज आला, आणि लगेच घोगरा, "माझी."

तीस वर्षांत आमच्या घरात हे दोन शब्द शेजारी शेजारी आले नव्हते. वहिनीने तोंडावर हात धरला. डोळे वाहत होते, पण बाई कसली सोडतेय.

"बाबा," ती म्हणाली, "परत दाबा."

बाबांनी परत दाबलं.