एकशे अठ्ठावीसची वाट

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. वडगावात यल्लाप्पा विणकरांच्या मागाच्या खोलीत माझं सगळं आयुष्य गेलं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. साडीच्या काठाची नक्षी आधी माझ्या पडद्यावर उमटायची आणि मग मागावर चढायची. गिऱ्हाईक आलं की आप्पा माझं तोंडभरून कौतुक करत आणि मी आपला फुगून बसायचो.

माझा प्रोसेसर बत्तीस बिटांचा. मेमरीच्या प्रत्येक खणाला एक नंबर लागतो, आणि बत्तीस बिटांत मावतील तेवढेच नंबर माझ्याकडे. नक्ष्या मोठ्या झाल्या तसे माझे नंबर पुरेनात. नवे प्रोग्रॅम मला जवळ करीनात. साड्या घेणारा व्यापारी म्हणाला, चौसष्ट बिटांचा घ्या.

आप्पांनी हात आखडला. पूर्वी त्यांनी मागावर लहान जेकार्ड, म्हणजे नक्षीचे धागे हुकांनी उचलणारं यंत्र, बसवलं, आणि लगेच दुप्पट हुकांचं जेकार्ड बाजारात आलं. बिटंही त्यांना हुकांसारखीच वाटली.

"बत्तीस झालं, चौसष्ट झालं. आता एकशे अठ्ठावीस येणारच की. तवाच घेऊ," ते म्हणाले.

माझ्यावर नक्षी काढायची ती त्यांची लेक राजेश्वरी. तिने परोपरीने सांगितलं.

"न्हाय येत आप्पा ते. चौसष्टात इतकं नंबर हायत, की तेवढी मेमरी कुठल्याच मशीनला न्हाय. उगंच रुंद करून तारा वाढणार, मशीन तापणार, काम तेवढंच. बोटभर काठाला कोण जास्तीचं हूक लावतंय?"

"हुकाचं बी असंच म्हणत हुते गं," आप्पा म्हणाले.

पोरीचं खरं होतं, पण मला कोण विचारतो? व्यापाऱ्याच्या नक्ष्या माझ्यात उघडेनात, तेव्हा काम दुसऱ्या गल्लीत गेलं. माग एकेक करून विकले गेले. राजेश्वरी आता शहरातल्या दुकानात दुसऱ्यांच्या साड्या दाखवते. मला फार वाईट वाटतं.

परवा शेवटचा माग टेम्पोत चढला. आप्पांनी हळूच विचारलं, "एकशे अठ्ठावीस आलं काय गं?"

राजेश्वरी थकली होती. "येतंय आप्पा," ती म्हणाली.

"मग ही जागा मोकळीच ठेवू," म्हणत आप्पांनी मागाची जागा झाडून घेतली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं थांबलं असेल, तर माग असेपर्यंतच त्यांची समजूत घाला. आमच्याकडे आता कुणी घालत नाही.