हार्लनचा पट्टा

माझा भाऊ हार्लन चार वर्षं आमच्या गावच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात होता आणि त्याच्या जर्सीला एकदाही माती लागली नाही. तो राखीव क्वार्टरबॅक. ज्याच्या हातून सगळा खेळ चालतो तो मुख्य क्वार्टरबॅक पडला, मोडला, तरच आत जायचं. नाहीतर कडेला कोचच्या शेजारी हेल्मेट धरून उभं राहायचं. मुख्य पोराला दणका बसला की हेल्मेट डोक्यावर, हनुवटीचा पट्टा टक् टक्. तो उठला की पुन्हा काढायचं. असली ती नोकरी!

म्हातारे कोच नोवोटनी त्याला दर उन्हाळ्यात म्हणायचे, "हार्लन, जरा धीर धर. पुढचं वर्ष तुझं." कॅन्ससच्या एका कॉलेजनं त्याला बोलावलं होतं, थेट खेळवायला. गेला नाही बावळट. शेवटच्या वर्षी, शेवटच्या सामन्यात कोच म्हणाले, शेवटची पाच मिनिटं तुला घालतो. सामना अटीतटीचा झाला आणि कोच विसरले. चक्क विसरले! हार्लन पट्टा लावून उभा राहिला तो मैदान रिकामं होईपर्यंत. आमच्या आईनं हाताला धरून त्याला घरी आणला.

नंतर तो धान्याच्या कोठारावर कामाला लागला. पण दर शनिवारी सामन्याला जायचा, खेळाडूंच्या बाकामागच्या कुंपणाला टेकून उभा राहायचा, ते जुनं हेल्मेट काखेत. लोक आधी हसले, मग सवय झाली. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत तिथंच, कुंपणाला टेकल्या टेकल्या गेला. गर्दी पांगेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांना वाटलं, बघतोय.

हेल्मेट मी घरी आणून तळघरात कपडे धुण्याच्या मशीनवरच्या खिळ्याला टांगलं. आणि माझा ब्रॉडी, माझा एकुलता एक, त्याच संघात राखीव क्वार्टरबॅक झाला. कोच आता म्हाताऱ्याचा मुलगा. नशिबाला दुसरं घरच सापडत नाही, मी काय करू?

ऑक्टोबरात एका शनिवारी मी शाळेच्या मुदपाकखान्यातून दमून घरी आले. खालून आवाज आला. टक् टक्. मी जिन्यातूनच ओरडले, "ब्रॉडी, ठेव ते खाली! मामाची वस्तू आहे, खेळणं नाही." मग माझ्या डोक्यात आलं, ब्रॉडी तर सामन्याला गेलाय, परगावी. खाली जाऊन बघितलं तर हेल्मेट खिळ्यालाच होतं. पट्टा लावलेला होता. तो मी कधीच लावत नसे.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर ब्लँकेट. आम्ही पुढे होतो, वेळ संपत आली होती. मुख्य क्वार्टरबॅक डॅक्स चेंडू घेऊन मागे सरकला, अजून त्याच्या आसपास कुणी नव्हतं, आणि ब्रॉडीनं हेल्मेट चढवलं. पट्टा लावला. शेजारची वर्ना म्हणाली, "अगं, तुझ्या पोराला भलतीच घाई!" तिचं वाक्य संपायच्या आत दोन धिप्पाड पोरं डॅक्सच्या गुडघ्यावर कोसळली. त्याची किंकाळी वरपर्यंत आली.

ब्रॉडी आत गेला. करायचं काय होतं? चेंडू घ्यायचा आणि गुडघा टेकायचा, म्हणजे उरलेली वेळ निघून जाते. त्यानं गुडघा टेकला आणि सामना संपला. दोन वर्षांत त्याच्या वाट्याला आलेला खेळ एवढाच.

सोमवारी मी खिमा-राजम्याची चिली केली, सोबत दालचिनीचे रोल. पोरानं चमचा उचलला नाही. समोर बसून नुसता वाडग्यात बघत होता.

"कॅन्ससच्या कॉलेजनं मलाही बोलावलंय, त्यांना शुक्रवारपर्यंत सांगायचंय," तो म्हणाला. "गेलो तर पहिल्या दिवसापासून मी खेळणार."

"मग अडलंय कुठं? घोडं कुठं पेंड खातंय?"

"कोच म्हणतात, डॅक्सचा गुडघा ऑगस्टपर्यंत बरा होईल, त्याला एक वर्ष खेळू दे. मग सगळं माझं."

"हो का? कोचच्या बापानंही हार्लनला हेच गाजर दाखवलं होतं. नवीन गाजर तरी पिकवा म्हणावं!"

तो हसला नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "आई, मामा येतो."

मी हातातला डाव खाली ठेवला.

"कुंपणापाशी, माझ्या मागे. बोलत नाही काही. नुसता पट्टा लावतो. तो आवाज आला की माझा हात आपोआप वर जातो. मग डॅक्स पडतो." त्यानं वाडगा बाजूला सारला. "मी तसं मागितलं नव्हतं गं. देवाशपथ."

"मागितलं होतंस," मी म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही. "कडेला उभा राहणारा प्रत्येक जण मागतो. हार्लनही मागायचा. त्यानं तू वाईट होत नाहीस राजा. पण अजून एक वर्ष तिथं उभा राहिलास तर तो तुला सोडणार नाही. जा तू. उद्याच कळव त्यांना."

बुधवारी धाकटा कोच नोवोटनी घरी आला. माझाच रोल खात म्हणाला, "जोलीन, पोराला समजाव. जरा धीर धरायला सांग. पुढचं—"

"त्या वाक्याचा पुढचा शब्द काढलास ना, तर उरलेला रोल तुझ्या टोपीत घालीन," मी म्हणाले. "माझा भाऊ तुझ्या बापाच्या कुंपणावर मेला. आता पोरगा नाही देणार."

तो उठून गेला. त्याच संध्याकाळी ब्रॉडीनं कॅन्ससला होकार कळवला. मी खाली जाऊन हेल्मेटचा पट्टा सोडवला आणि म्हणाले, "झालं हार्लन. जे तू केलं नाहीस ते त्यानं केलं. आता तरी झोप." त्यानंतर अख्खा हिवाळा आवाज आला नाही. उन्हाळाही शांत गेला. मी पुन्हा गाणी गुणगुणत कपडे धुवायला लागले.

सप्टेंबरात ब्रॉडीचा पहिला सामना. मी पहाटेच गाडी काढली, मक्याच्या शेतांमधून थेट कॅन्सस. उन्हात पोरगं काय दिसत होतं! जर्सी मातीनं माखली होती, कोपर खरचटलं होतं. मी उठून शिट्ट्या मारल्या. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाई, तुमचाच दिसतोय." म्हटलं, "मग? आमच्या घरातला पहिला मळका क्वार्टरबॅक आहे तो!" इतकी सुखी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

ब्रॉडीनं चेंडू घेतला आणि मागे सरकला. आसपास कुणी नव्हतं. माझी नजर सहज बाकाकडे गेली. तिथं त्यांचा राखीव पोरगा उभा होता, लालसर केसांचा, काडीसारखा, हेल्मेट हातात. त्याच्या मागे कुंपणाला टेकून हार्लन.

मला वाटलं होतं, तो ब्रॉडीचा मामा म्हणून येतो. त्यानं ब्रॉडीकडे बघितलंसुद्धा नाही. तो त्या लाल केसांच्या पोराकडे बघत होता, फार मायेनं. त्यानं काखेतलं हेल्मेट काढलं आणि डोक्यावर चढवलं.

"हार्लन, नको!" मी किंचाळले. "माझा आहे रे तो! तुझा भाचा आहे!"

लोक वळून बघायला लागले. एवढ्या गोंगाटात, एवढ्या लांबून, मला स्पष्ट ऐकू आलं. टक् टक्. त्या पोराचा हात वर गेला. ब्रॉडी अजून उभाच होता.