नागप्पाच्या दुकानातला हलता डबा

मी एक जुना डबा आहे, आणि इतकी वर्षं टांगून राहिल्यामुळे मला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. मित्रांनो, तुम्ही हे वाचता आहात तेव्हाही मी लातुरातल्या एका गल्लीत, दुकानाच्या कडीला, थोडाथोडा हलत असेन.

माझा जन्म वनस्पती तुपासाठी झाला. तूप संपल्यावर नागप्पा वाण्याने मला राखेने घासलं, बुडाला खिळ्याने भोक पाडलं, आत दोऱ्याची गुंडी टाकली आणि साखळीने तुळईला टांगलं. भोकातून दोरा खाली लोंबायचा. नागप्पा रद्दीच्या कागदात तूरडाळ, गूळ, चहापत्ती बांधायचा. वर न बघता हात उंचावून दोरा ओढायचा, पुडीला चार वेढे द्यायचा आणि झटक्यात तोडायचा. प्रत्येक झटक्याला मी डुलायचो. सकाळी दुकान उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत मला उसंत नसे, आणि ती मला नकोही असे.

कोणत्या घरात काय शिजतंय, ते नागप्पाला पुडीवरून कळायचं. शेजारच्या केवळाबाईने खोबरं आणि खसखस मागितली की तो म्हणायचा, "जावई आलेत जणू." ती म्हणायची, "आलेत, अन् जायचं नावबी काढंनात." नागप्पाची बायको मल्लम्मा मागच्या खोलीत येसर, म्हणजे आमटीचा खमंग मसाला, कुटायची. तिच्या येसराच्या वासावर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतून यायचं. सगळे तिला अव्वा म्हणत.

मग त्र्याण्णव साल आलं. गणपती बोळवले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. आमचं दुकान उभं राहिलं. पण तेरणेकाठच्या एका गावात अव्वाची थोरली बहीण आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली. अव्वा तिकडून परतली ती दारापर्यंतच. आमच्या दुकानावर आणि मागच्या खोलीवर माळवद होतं, म्हणजे मातीचं जाड छत. त्याच्याखाली मी पाऊल टाकणार नाही, असं तिने सांगितलं आणि ती समोर लिंबाच्या झाडाखाली ताडपत्री बांधून राहू लागली.

जमीन पुढे कित्येक महिने अधूनमधून हादरायची. त्या दिवसांत गल्लीला माझा नवाच उपयोग सापडला. येणारा प्रत्येक जण आधी वर बघायचा, डबा हलतोय का. वसंतराव मास्तर म्हणायचे, "नागप्पा, शंभर ग्रॅम जिरे द्या, अन् जमिनीची तब्येत सांगा." हसायचे, पण नजर माझ्यावरून काढायचे नाहीत. मी दोऱ्याच्या झटक्याने हलायचो, वाऱ्याने हलायचो, पोत्यावरून उडी मारणाऱ्या मांजरानेही हलायचो. भ्यालेल्या माणसाला त्यातला फरक कसा कळावा? मी डुललो की पुड्या तिथंच टाकून माणसं रस्त्यावर पळायची. आपल्यामुळे एवढी घबराट होते याचं मला फार वाईट वाटायचं.

थंडी पडली तशी अव्वाची धाप वाढली. उघड्यावर राहिली तर दमा जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी नागप्पाला बजावलं. त्याने विनवण्या केल्या, मास्तरांनी समजावलं, केवळाबाई रागावली. अव्वा ऐकेना. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "त्यो डबा एक दिस पुरा गप ऱ्हाऊ द्या. मग येते म्या."

दुसऱ्या दिवशी ती उठण्याआधीच नागप्पा स्टुलावर चढला. माझ्या पाठीमागून बारीक तार काढून त्याने ती खांबाच्या खिळ्याला ताणून आवळली. समोरून काहीच दिसत नव्हतं. दोरा ओढला तरी मी जागचा ढळेना. अव्वा दिवसभर लिंबाखाली बसून माझ्याकडे बघत राहिली. ती वाकळ पांघरून खोकत होती आणि मी गप होतो. मित्रांनो, माझ्या आयुष्यात ती तार होती तेवढेच दिवस मी स्थिर होतो आणि तेवढेच दिवस मी खोटा होतो. दिवेलागणीला अव्वा वाकळ काखेत घेऊन आत आली. नागप्पाने डोळे पुसले आणि ती तार तशीच राहू दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जमीन हादरली. बरण्या एकमेकींवर वाजल्या, तराजूची पारडी खणखणली. गिऱ्हाईकं बाहेर धावली. अव्वाजवळ बसलेली केवळाबाईही उठली, पण अव्वाने माझ्याकडे बोट दाखवून तिचा हात धरला. म्हणाली, "बस गं. डबा गप हाय." केवळाबाई बसली. आणि माळवदाचा एक कोपरा तिच्या खांद्यावर ढासळला.

नागप्पा आत धावला आणि त्याने दोघींना ओढून बाहेर काढलं. केवळाबाईचं हाड मोडलं होतं, जीव वाचला. धुळीने माखलेला नागप्पा बायकोपुढे उभा राहिला. "तार लावली हुती म्या त्याला," तो म्हणाला. "तू आत यावीस म्हणून."

अव्वाने केवळाबाईच्या तोंडावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "मला फसवलं त्ये जाऊ द्या. म्या तिला हात धरून बसवलं. ती गेली असती तर तिच्या पोरांनी माझं त्वांड बघितलं असतं का?"

तिनेच स्टुलावर चढून माझी तार तोडली. मी एकदम सुटलो आणि वेड्यासारखा डुललो. तिने मला थांबवलं नाही. मागच्या खोलीसकट सगळं माळवद उतरवून वर पत्रे घालायचे, तोवर आपण दोघांनी ताडपत्रीत राहायचं, असं तिने ठरवलं. पत्रे बसले, तशी ती आत आली. तेव्हाही मी हलत होतो.

पुढे गल्ली बदलली. शिकवणीच्या वर्गांना पोरंपोरी जिल्ह्याजिल्ह्यांतून येऊ लागली, घरोघरी भाड्याच्या खोल्या निघाल्या. माल पाकिटांतून आणि पिशव्यांतून येऊ लागला. पुड्या संपल्या, माझा दोरा संपला, पुढे नागप्पाही गेला. गल्लीतली बाकीची दोन दुकानं झेरॉक्सची झाली. आमच्या दुकानात नातू शिवम बसू लागला. त्याने मला दोनदा भंगारात काढलं आणि अव्वाने दोनदा परत टांगलं.

देवणी गावची पुनम डॉक्टर व्हायचं म्हणून शेजारी राहत होती. रोज बिस्किटं घ्यायला यायची आणि दुकानातूनच आईला फोन लावायची. मजेत आहे, मार्क चांगले पडतात, जेवण होतं. ठरलेली तीन वाक्यं. बोलताना दुसऱ्या हाताने ती काउंटरची कड पांढरी होईस्तोवर धरून ठेवायची. अव्वा ते आठ दिवस बघत होती. नवव्या दिवशी फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "झोप लागती का गं तुला?"

पुनमने मान खाली घातली. तीन आठवडे न्हाई, म्हणाली. पुस्तक उघडलं की तीच ओळ पुन्हापुन्हा वाचत बसते. घरी सांगितलं तर आई भिईल.

"भिऊ दे की," अव्वा म्हणाली. "भिईल, पण येईल तर. तुझ्या खोट्यावर ती तिकडं निवांत बसली, अन् हितं तुझ्यावर छत आलं तर?"

पुनमने फोन पुन्हा लावला. या वेळी ती तीन वाक्यं नव्हती. ती रडत रडत बोलली, मग बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "हाव आई. उद्याच ये."

मित्रांनो, आता मला काही काम नाही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी आतून हलत असेल, तर आपल्याला बरं वाटावं म्हणून त्याला गप करू नका. जवळ बसा आणि काय हलतंय ते विचारा.