आवळण्याचे माप

“त्या सहा प्लेटा काल पोचल्या डेअरीत. आज बसवतायत म्हणे,” असे सांगून डिस्पॅचच्या कारकुनाने पोचपावती तिच्या टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. मिलिमीटरबाई “बरं” म्हणाली. मग पावतीवरचा सहाचा आकडा तिने पुन्हा एकदा वाचला.

तोंडावर मॅडम आणि पाठीमागे मिलिमीटरबाई. कारखान्यात हेच चालायचे, आणि तिला ते ठाऊक आहे हेही सगळ्यांना ठाऊक होते. बावीस वर्षे ती प्लेटांच्या हीट एक्स्चेंजरची रेखाटने करत होती. नाल्या पाडलेल्या स्टीलच्या पातळ प्लेटा, पुस्तकाच्या पानांसारख्या एकीला एक लावून उभ्या. एका फटीतून गरम वाहायचे, शेजारच्या फटीतून गार. मध्ये फक्त अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा. उष्णता पलीकडे गेली पाहिजे, थेंब जाता कामा नये.

तिचे सगळ्यात मोठे काम म्हणजे वाढवता येणारे यंत्र. गिऱ्हाइकाचा धंदा वाढला तर नवे यंत्र नको. त्याच सांगाड्यात चार-सहा प्लेटा वाढवायच्या. त्यासाठी तिने प्लेटा आवळून धरणारे दांडे मुद्दाम लांब ठेवले होते. नाल्यांचा कोन तीनदा बदलून तेवढ्याच जागेत जास्त उष्णता वसूल केली होती. अशी सतरा यंत्रे विकली गेली. प्लेटा वाढवणारी ही डेअरी पहिलीच.

आणि घोळ इथेच होता. प्लेटा आवळायचे एक माप असते. शंभर प्लेटा असतील तर तीनशे पन्नास मिलिमीटर. ढिल्या राहिल्या तर गळतात, जास्त आवळल्या तर चेपून तडकतात. सहा वाढवल्या की माप तीनशे एकाहत्तर. हे कोष्टक पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर होते. यंत्रावर ठोकलेल्या पाटीवर मात्र एकच आकडा होता, ३५०.

तिने आधी सगळे कोष्टकच पाटीवर काढले होते. तेव्हा साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले होते, “ही पाटी आहे की पाढ्यांचं पुस्तक?” सगळे हसले. तीही हसली आणि म्हणाली, “चालेल.” बावीस वर्षांत न पटलेल्या गोष्टीला तिने दिलेले ते एकच ‘चालेल’.

तिने डेअरीला फोन लावला. गेटवरच्या माणसाने उचलला.

“हॉलमध्ये फोन नेऊ देत नाहीत मॅडम. फिटरमामांना निरोप देतो.”

“आत्ता द्या. आवळू नका म्हणावं.”

“मी गेट सोडून कसा जाऊ? जेवायच्या सुट्टीत देतो.”

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पान एकतीसवर आहे ना? मग झालं तर.”

“सर, ती पुस्तिका कोण उघडतंय? मी माझ्या मिक्सरची अजून उघडलेली नाही.”

“तू तिथे धावत गेलीस की चूक आपली, हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं होईल. कळतंय का?”

“कळतंय,” ती म्हणाली. “अर्ध्या दिवसाची रजा लावा.”

डेअरी तासाभराच्या अंतरावर होती. टॅक्सीत ती पुढे सरकून बसली होती, जणू तिच्या सरकण्याने गाडी लवकर पोचणार होती. मध्येच नवऱ्याचा फोन आला. तिने घाईघाईत सांगितले तसा तो हसला.

“अगं, तू कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी बाई. दरवेळी लागलेलंच असतं की नाही?”

“आणि एखाद्या वेळी नसलं तर?”

“पोचलीस की कळव,” तो म्हणाला.

पांढऱ्या फरशीच्या हॉलमध्ये केसांवर टोपी चढवून ती शिरली, तेव्हा फिटरमामा पाने पुसून पेटीत ठेवत होते. डोक्याचे सगळे केस पिकलेले, दंड मात्र अजून पिळदार. तिला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

“या मॅडम! बरोब्बर तीनशे पन्नास. पट्टी लावून बघा. येता येत नव्हतं हो! पान्याला पाइप लावला, दोघं लोंबकळलो, तेव्हा कुठं बसलं.”

तिने टेप लावला. तीनशे पन्नास. केसाचाही फरक नव्हता.

“मामा, हे खोलायला लागेल.”

डेअरीचे मॅनेजर पाठीमागून आले. “का? पाण्यानं टेस्ट केली आम्ही. बाहेर एक थेंब नाही.”

“बाहेर येणारच नाही. एका फटीत कच्चं दूध असतं, शेजारच्या फटीत तापवून झालेलं. मधली प्लेट तडकली असेल तर कच्चं दूध थेट पिशवीत. घरोघरी जाईल, लेकरं पितील.”

“असेल तर, असं म्हणताय. बाहेर दोन टँकर उभे आहेत. मी कुणाच्या सांगण्यावरून खोलू?”

“माझ्या. लिहून देते.”

तिने तिथेच उभ्याने लिहून दिले.

यंत्र खोलून प्लेटा धुवायला दोन तास लागले. मग एकेक प्लेट उभी करून एका बाजूला लाल रंगाचे औषध लावायचे, दुसऱ्या बाजूला पांढरी भुकटी फवारायची आणि वाट पाहायची. तडा असेल तर भुकटीवर लाल उमटते. दहा झाल्या, वीस झाल्या, तीस झाल्या. सगळ्या कोऱ्या. मॅनेजर घड्याळ पाहत होते. काही निघू नये असे तिला वाटत होते, आणि काहीच निघाले नाही तर आपले हसे होईल असेही वाटत होते. दोन्ही एकदम वाटले याची तिला लाज वाटली.

एकेचाळिसाव्या प्लेटेवर, दोन नाल्या भेटतात त्या टोकाला, केसासारखी लाल रेघ उमटली. पुढे अशा आणखी दोन निघाल्या. मॅनेजरांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसले आणि टँकर परत पाठवा म्हणून सांगायला ते स्वतः बाहेर गेले.

मामा उलट्या बादलीवर बसले होते. टोपी हातात. “तीस वर्षं पाना धरतोय,” ते म्हणाले. “हाताला कळत होतं मॅडम, हे जड जातंय म्हणून. तरी ओढलं.”

“पाटीवर काय लिहिलंय मामा?”

“तीनशे पन्नास.”

“तुम्ही किती आवळलं?”

“तीनशे पन्नास.”

“मग तुमचं काय चुकलं? पाटी मी काढलीय.”

दुसऱ्या दिवशी तिने अहवाल दिला. ‘कारण’ या रकान्यात लिहिले होते: पाटीच्या रेखाटनातील त्रुटी. रेखाटन करणारी: मी. साहेबांनी तो दोनदा वाचला.

“इथे ‘बसवणाऱ्याचा निष्काळजीपणा’ असं लिहायला काय जातं? त्या म्हाताऱ्याला कोण फासावर देणार आहे?”

“त्याची नोकरी जाईल सर.”

“आणि तुझं काय होईल?”

तिने अहवाल पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. एका जागी बसून बावीस वर्षे काढल्यावर माणसाला एवढे गणित येतेच.

शुक्रवारी पत्र मिळाले. सोमवारपासून तिने खाली सर्व्हिस विभागात कागदपत्रे सांभाळायची होती. नव्या यंत्रांची रेखाटने दुसरे कोणी करणार होते. पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवत तिने साहेबांकडे एकच गोष्ट मागितली: बाकीच्या सोळा गिऱ्हाइकांची यादी.

“तो सर्व्हिसचा विषय आहे,” साहेब म्हणाले.

“मी तिथंच चाललेय ना.”

साहेबांनी ड्रॉवर उघडून यादी काढून दिली.

तिने सोमवारची वाट पाहिली नाही. यादी पुढ्यात घेऊन एकेक नंबर फिरवू लागली. कुणी चिडले, कुणी नंतर बघतो म्हणाले, एकाने चक्क तिचे आभार मानले. दुपारी शिपाई तिचे सामान हलवायला आला. खुर्ची गेली, कपाट रिकामे झाले, भिंतीवरचे तक्ते उतरले. ती खिडकीच्या कठड्याला टेकून उभ्यानेच बोलत राहिली. शेवटी शिपाई फोनपाशी येऊन थांबला. त्याला तोही न्यायचा होता. तिने एक बोट वर केले, जरा थांब म्हणून, आणि बाराव्या नावावर पेन्सिल टेकवली.

“नमस्कार. तुमच्याकडच्या यंत्रावरची पाटी मी काढलीय,” ती म्हणाली. “जवळ कागद-पेन आहे का?”